हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरची ‘सॅकव्हिल’

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात बहुतेक लोक टायटॅनिकचं दालन पाहायला येतात. माझे पाय मात्र आधी बाहेरच्या धक्क्याकडे वळले. तिथे निळ्या-पांढऱ्या युद्धकालीन रंगात ‘एचएमसीएस सॅकव्हिल’ ही कॅनडाच्या नौदलाची जुनी युद्धनौका उभी होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला तेल, धान्य, दारूगोळा पोचवणाऱ्या व्यापारी जहाजांच्या काफिल्यांना राखण देणारी ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका. देवमासे पकडणाऱ्या बोटीच्या आराखड्यावरून, घाईघाईने अडीचशेहून अधिक ‘फ्लॉवर’ वर्गाच्या बोटी बांधल्या गेल्या. युद्धानंतर त्यांतली एक ‘मराठा’ या नावाने रॉयल इंडियन नेव्हीतही आली होती. आज जगात उरली आहे ती फक्त सॅकव्हिल. लांबी २०५ फूट, वेग जेमतेम १६ नॉट; पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी याहून जोरात पळायची!

डेकवर डेप्थ चार्जची, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या पाणबुडीविरोधी बॉम्बची, पिंपं आणि पुढे एकच चार इंची तोफ. पण मी रेंगाळलो ते खाली, खलाशांच्या मेसमध्ये. टेबलांच्या वर झुले टांगलेले. जेवायचं तिथेच, झोपायचंही तिथेच. सुरुवातीला स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. जेवण पुढे आणायचं तर उघड्या डेकवरून, अंगावर लाटा घेत. कॉर्व्हेट इतक्या हेलकावत, की मुरलेल्या खलाशांनाही बोट लागायची. अशा ओल्या, कोंदट जागेत वीस-बावीस वर्षांची पोरं हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडत होती. मला त्यांचं खरं शौर्य इथेच दिसलं.

अर्थात लढाईही झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये, ओएन ११५ या काफिल्याबरोबर असताना, कप्तान अ‍ॅलन ईस्टन यांच्या सॅकव्हिलने न्यूफाउंडलंडजवळच्या दाट धुक्यात पाणबुड्या हुडकल्या. यू-४३ वर डेप्थ चार्ज टाकले, यू-५५२ वर तोफेचा गोळा बसवला. दोन्ही पाणबुड्या जखमी होऊन निसटल्या. बुडवल्याची नोंद नाही म्हणून ही कामगिरी कमी ठरत नाही; पाणबुडी दुरुस्तीसाठी माघारी गेली की काफिला तिच्या तावडीतून सुटला.

पुढच्या वर्षीची गोष्ट मात्र जिवाला लागते. सप्टेंबर १९४३ मध्ये सॅकव्हिलच्याच गटातली विनाशिका ‘सेंट क्रॉय’ टॉर्पेडोने बुडाली. वाचलेल्यांना ‘इचेन’ या युद्धनौकेने उचललं, आणि दोनच दिवसांत इचेनही बुडाली. सेंट क्रॉयच्या सगळ्या माणसांतून एकटा एक स्टोकर (बॉयलरवर काम करणारा खलाशी) जिवंत घरी पोचला.

१९४४ मध्ये बॉयलर बिघडल्यावर सॅकव्हिलची राखणदारी संपली. नंतर ती समुद्र-संशोधनाच्या कामात १९८२ पर्यंत राबली, आणि म्हणूनच भंगारात जायची वाचली. १९८५ पासून ती कॅनडाचं नौदल स्मारक आहे. युद्धात नौदलात असलेल्या कित्येकांच्या अस्थी त्यांच्या इच्छेप्रमाणे याच बोटीवरून समुद्रात सोडल्या गेल्या आहेत.