ड्रमवरून डिस्ककडे, भाग 3: पेडल जमलं, पण चाकं तापली

पुढच्या दोन्ही चाकांना आता डिस्क ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडच्या चिमट्यात धरणारे. मागचे ड्रम ब्रेक, ज्यात लायनर लावलेले बूट फिरत्या ड्रमला आतून दाबतात, तसेच ठेवलेत आणि ते तसेच राहतील. आधीचे भाग ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की गाडी 1964 ची, चार दारांची, चारही चाकांना 10 इंची ड्रम आणि चौघांत मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट. म्हणजे एका जागी पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. डिस्क बसवण्याइतकंच मला दोन सर्किटचं मास्टर सिलिंडरही (पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारं) हवं होतं.

मूळ कारण मात्र उतार. लांब उतारावर तिसऱ्या-चौथ्या वेळी ब्रेक दाबला की पेडल खाली खाली जायचं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. डिस्क तापली की जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळ येते. हा एक फरक नीट समजला तेव्हाच माझा निर्णय झाला होता.

‘जुन्या गाडीचं जुनेपण घालवू नकोस’ असं बऱ्याच जणांनी कळवळून सांगितलं. त्यांची काळजी मला कळते, म्हणून एकही भोक नवं पाडलेलं नाही, सगळं मूळ बोल्टांवर बसलं आहे. पण डिस्क त्या काळाला परकी नव्हती. 1953 साली ल माँची शर्यत जग्वारने डंलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली आणि 1955 ची सित्रोएन डीएस पुढच्या चाकांना डिस्क घेऊनच बाजारात आली. माझी गाडी त्यानंतर नऊ वर्षांनी बनली.

उघडताना एक गोष्ट सगळ्यांनी पाळा. इतक्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ड्रम काढल्यावर आतल्या काळ्या भुकटीवर कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका. मी मास्क लावून सगळं ओलं केलं, फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

ब्रॅकेट आणि कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा चिमटा) बसवायला एक दिवस पुरला. डावी डिस्क मात्र डोलत होती. डायल गेज लावलं तर 0.15 मिमी. माझं लक्ष्य 0.05 च्या आतलं. डिस्क उतरवून हबच्या (चाक बसतं त्या मधल्या भागाच्या) तोंडावरून नख फिरवलं तेव्हा एका बोल्टच्या कडेला गंजाचा कण लागला, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. डोळ्यांना तो दिसत नव्हता. तारेच्या ब्रशने घासून, पुसून डिस्क परत बसवली, तर काटा 0.04 वर. त्या एका कणाने पुढे प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरलं असतं. बेअरिंग नव्या ग्रीसमध्ये भरली. चाक फिरवत नट आधी घट्ट केला, मग सोडला, मग फक्त बोटांनी आवळून नवी स्प्लिट पिन घातली.

रिम कॅलिपरवरून चार मिमी अंतर राखून फिरते, पण आतून चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन घासत होतं. वजनं दुसऱ्या कडेला घेतली.

आता मास्टर सिलिंडर. माझ्या मते या कामातला खरा अभ्यास इथे आहे आणि लोक नेमकं इथेच ‘जुनंच चालेल’ म्हणतात. ड्रममध्ये फिरणारा ड्रम पुढच्या बुटाला स्वतःच आत ओढून घेतो, म्हणजे पायाच्या जोरात चाकाचाही जोर मिसळतो. डिस्कमध्ये ही मदत अजिबात नाही. जेवढा दाब तुम्ही पाठवाल तेवढाच ब्रेक लागेल. माझ्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. पेडलची तरफ 6 पट आहे, म्हणजे पायाने 30 किलो जोर दिला की रॉडवर 180 किलो येतो. जुन्या 1 इंची बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या व्यासात) त्याचे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 35 किलो होतात, 7/8 इंचीत 46 आणि 3/4 इंचीत 63. हे बघून सगळ्यात बारीक बोअर घ्यायचा मोह होतो. पण बोअर बारीक केला की तेवढंच ऑइल ढकलायला पेडल जास्त खाली जातं, आणि कॅलिपरचे पिस्टन ड्रममधल्या व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे, त्यांना ऑइलही जास्त लागतं. मी 7/8 वर थांबलो. डिस्कच्या बाजूची टाकीही मोठी हवी, कारण पॅड झिजतील तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागची जागा भरायला ऑइल टाकीतूनच जातं.

मागच्या लाइनला हाताने फिरवता येणारा, मागचा दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घातला. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. ती आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. नव्या पाइपांचे पहिले दोन फ्लेअर (टोकाची फुलवलेली तोंडं) तिरके आले, ते कापून टाकले. मास्टर सिलिंडरची एअर टेबलावरच काढून घेतली, मग चाकांची एअर काढायला सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (हवा काढायचं तोंड) वरच्या अंगालाच आलं पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला तर निपल खाली जातं, हवा वरच अडकते आणि कितीही ऑइल ओतलं तरी पेडल स्पंजसारखंच राहतं.

मागच्या रविवारी पहिली फेरी मारली. पेडल उंच, घट्ट, पाय ठेवताच गाडी थांबते. खूप आनंद झाला. सहा किलोमीटरनंतर ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी घरंगळेना, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी वाटू लागली. बाजूला घेऊन उतरलो तर जळका वास. इन्फ्रारेड थर्मामीटर डाव्या डिस्कवर 190 अंश दाखवत होता, उजव्या डिस्कवर 185. मागचे ड्रम जेमतेम कोमट.

दोन्ही बाजू सारख्याच तापल्या होत्या. एखादा कॅलिपर जाम असता किंवा एक होज पाइप आतून सुजला असता तर एकच चाक तापलं असतं. म्हणजे दोष दोघांच्या वर, मास्टरपाशी. पहिला संशय रेसिड्युअल व्हॉल्व्हवर गेला. ड्रमच्या लाइनमध्ये तो साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवतो. चुकून डिस्कच्या लाइनला लागला तर पॅड सुटतच नाहीत. पण आणखी काही उघडण्याआधी एक चाचणी करायची असते. पुढचा भाग जॅकवर उचलला. चाक हाताने हलत नव्हतं. मास्टर सिलिंडरचे दोन्ही नट ढिले करून सिलिंडर दोनच मिमी पुढे सरकवलं, आणि चाक एका बोटाने फिरलं. एकही पाइप उघडावा लागला नाही.

दोष पुशरॉडमध्ये, म्हणजे पेडलवरून मास्टरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या रॉडमध्ये, होता. रॉड जुनाच आहे, आणि नव्या पिस्टनचा खळगा जुन्यापेक्षा उथळ आहे. मी रॉडची लांबी जुन्या मापावर ठेवली होती. त्यामुळे पेडल सोडल्यावरही पिस्टन शेवटपर्यंत मागे येत नव्हता आणि ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहत होतं. पॅड तापले, त्यांच्यामागचं ऑइल प्रसरण पावलं, त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ब्रेक आपोआप आणखी आवळत गेला. ड्रमच्या बुटांना जोरकस रिटर्न स्प्रिंग असतात, थोडा दाब उरला तरी त्या बुटांना मागे खेचतात. डिस्कच्या पिस्टनला तशी स्प्रिंग नाही. रबरी सीलला पडलेला पीळ सुटतो तेवढाच पिस्टन मागे येतो. म्हणून मागचं काही बिघडलं नाही आणि पुढचं सगळं तापलं.

हीच चाचणी तुमच्याकडे फसली, म्हणजे सिलिंडर सरकवूनही चाक सुटलं नाही, तर मास्टरपाशी पाइपचा नट सोडा. तिथे सुटलं तर व्हॉल्व्ह बघा. तिथेही नाही सुटलं आणि कॅलिपरचं निपल उघडल्यावरच सुटलं, तर होज बदला.

रॉड आखूड केला. रॉड आणि पिस्टनमध्ये आता 1 मिमी प्ले (मोकळीक) आहे, म्हणजे पेडलवर पायाला 6 मिमी मोकळं जाणवतं. मास्टरचे नट पूर्ण आवळल्यावरच हे माप घ्या. पॅड थंड झाल्यावर काढून पाहिले, चकाकी आली होती, म्हणून सपाट काचेवर सॅंडपेपर ठेवून त्यांवर घासले. तापलेलं ऑइल काढून नवं डॉट 4 भरलं.

काल 20 किलोमीटर फिरलो. आधी पॅड डिस्कवर घासून बसवून घेतले, पूर्ण न थांबता ताशी 50 किमीवरून 10 पर्यंत दहा वेळा, मधे थंड होऊ देत. परतल्यावर डावी डिस्क 48, उजवी 47, आणि दोन्ही चाकं एका बोटाने फिरतात.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हची सेटिंग बाकी आहे. त्यासाठी मोकळी बंद जागा आणि ओली जमीन हवी, पुढची चाकं आधी लॉक होताना बाहेरून बघायला एक माणूसही हवा. मूळ ड्रम आणि एका सर्किटचं ते मास्टर सिलिंडर तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवलं आहे.