प्राणायामाची सुरुवात रेचकापासून

प्राणायाम शिकायचे ठरवले की बहुतेक नवशिके थेट कपालभातीला हात घालतात, आणि दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या शिबिरांमुळे ही समजूत घरोघरी पक्की झाली आहे. वास्तविक हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभातीची गणना प्राणायामांत केलेली नाही; धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौली यांच्या पंक्तीला, म्हणजे शुद्धिक्रियांत, ती बसवलेली आहे. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर तिच्या वाटेला जाऊच नये. निरोगी माणसानेही तिच्यापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात बैठकीपासून करावी. पतंजलींनी प्राणायामाची व्याख्या ‘तस्मिन् सति’ या शब्दांनी, म्हणजे आसन साधल्यावर, अशी सुरू केली आहे. जाड घडीच्या चादरीवर किंवा घोंगडीवर सुखासनात बसल्यास गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ न ताणता सरळ राहते. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते; पुण्यातील अय्यंगार परंपरेत नवशिक्यांना पाठीखाली आधार देऊन आडवे झोपवूनच श्वसन शिकवतात. जेवणानंतर मात्र तीन-चार तास जाऊ द्यावेत.

आता खरा मुद्दा. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगितले की माणूस खांदे उचलून छाती फुगवतो, गळ्याच्या शिरा ताणतो आणि चार-पाच श्वासांत दमतो. त्याऐवजी लक्ष रेचकावर, म्हणजे श्वास सोडण्यावर ठेवावे. एक तळहात बेंबीच्या किंचित वर ठेवून श्वास सावकाश, न ढकलता सोडला की पोट आपोआप आत जाते, आणि पुढचा पूरक, म्हणजे आत येणारा श्वास, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) खाली सरकल्यामुळे मागितल्याशिवाय मिळतो. पूरकाला चार अंक मोजले तर रेचकाला सहा मोजावेत, आणि धाप लागत असेल तर हट्ट न धरता चाराला चार करावे.

याचा परिणाम स्वतःच्या मनगटावर पाहता येतो. नाडीवर तीन बोटे ठेवून बसल्यास पूरकात ठोके किंचित जलद आणि रेचकात संथ होताना जाणवतात. तरुण वयात हा फरक अधिक ठळक असतो. मेंदूतून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू रेचकाच्या वेळी हृदयाला अधिक आवर घालतो, म्हणून असे घडते. ‘प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो’ हे लाडके वाक्य मात्र मला पटत नाही, कारण निरोगी माणसाच्या धमनीतील रक्त मुळातच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने संपृक्त असते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले ते असल्या दाव्यांना प्रयोगशाळेची कसोटी लावण्यासाठीच. ती सवय आपणही लावून घ्यायला हरकत नाही.

हे काही आठवडे स्थिरावले की अनुलोम-विलोम घ्यावा. उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा दुमडून अंगठ्याने उजवी आणि अनामिकेने डावी नाकपुडी मिटायची. डावीने घेऊन उजवीने सोडायचा, मग उजवीने घेऊन डावीने. बोटांचा स्पर्श नाकाच्या हाडाखालच्या मऊ भागावर, हलकाच हवा. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते! तोंड उघडू लागले, तर बोटांचा दाब तरी जास्त आहे किंवा सर्दीने नाक चोंदलेले आहे, आणि सर्दीत हा प्रकार सरळ बंद ठेवावा.

कुंभकाचे, म्हणजे श्वास रोखून धरण्याचे, १:४:२ (पूरक, कुंभक, रेचक) हे प्रमाण पुस्तकांत वाचायला मिळते, पण ते घरी एकट्याने करून पाहण्याचे नव्हे. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळूच वश होतात तसाच वायूही, अन्यथा तो साधकालाच मारतो, अशी ताकीद हठप्रदीपिकेनेच दिली आहे. डोके हलके वाटले, कानांत गुंजू लागले किंवा रेचकानंतरचा पूरक हपापल्यासारखा आला, की मोजणी थांबवून श्वास त्याच्या नेहमीच्या चालीवर सोडून द्यावा आणि त्या दिवशी पुन्हा मोजू नये.