फूल किती लांबून टिपायचं? क्लोज-अप आणि वाइड भिंगं निवडताना

माझ्याकडे पॅनासॉनिकचा एफझेड २०० हा कॅमेरा आहे. २०१२ सालचं मॉडेल, म्हणजे आता म्हाताराच. पण २५ ते ६०० मिमीपर्यंतचा झूम आणि तो सगळाच्या सगळा एफ २.८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त), असं दुसरं काही मला परवडण्यासारखं दिसत नाही, त्यामुळे तो विकायचा विचार कधी मनात आला नाही. अडायचं दोन ठिकाणी. कासच्या सड्यावरची नखाएवढी फुलं फ्रेममध्ये मनासारखी भरायची नाहीत. आणि लेण्यांच्या अंगणात किंवा जुन्या वाड्याच्या चौकात पाठ भिंतीला टेकली तरी समोरचं पूर्ण मावायचं नाही. कॅमेरा बदलण्यापेक्षा लेन्सच्या पुढे लावायची भिंगं बघू, असं ठरवलं.

‘त्यात मॅक्रो मोड आहे की!’ असं मला बऱ्याच जणांनी सुनावलं. आहे ना. झूम पूर्ण मागे घेतला की हा कॅमेरा एक सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो. पण एक सेंटीमीटरवर लेन्सचीच सावली फुलावर पडते, त्यावर बसलेली माशी केव्हाच उडून गेलेली असते, आणि तिथवर पोचायला सड्यावर आडवं व्हावं लागतं. कासला पायवाट सोडून आत शिरणं म्हणजे पुढच्या वर्षीची फुलं तुडवणं. तेव्हा मला हवं होतं ते लांब उभं राहून जवळचं दिसणं, आणि त्यासाठी झूम पूर्ण पुढे काढून त्यावर क्लोज-अप भिंग लावणं हाच मार्ग होता.

क्लोज-अप भिंगावर +२, +४ असे आकडे असतात. ते डायॉप्टर, म्हणजे आपल्या चष्म्याचाच नंबर. दहावीच्या विज्ञानातलं ‘भिंगाची शक्ती’ इथे चक्क उपयोगी पडतं: १००० ला नंबराने भागा, येईल ते मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर असताना भिंगापासून बरोबर तेवढ्या अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. +२ ला ५०० मिमी, +४.८ ला साधारण २०८, +८ ला १२५. नंबर वाढला की तुम्ही फुलाच्या जवळ ढकलले जाता. नंबर न छापलेलं भिंग हाती आलं तर दूरच्या खिडकीची प्रतिमा कागदावर पाडायची आणि भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं.

वस्तू किती मोठी दिसेल याचंही गणित सोपं आहे. लेन्सचं खरं नाभीय अंतर भागिले भिंगाचं. ६०० मिमी हा आकडा फुल-फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या हिशेबातला. एफझेड २०० ची खरी लेन्स ४.५ ते १०८ मिमीची आहे आणि सेन्सर जेमतेम ६.२ मिमी रुंद. म्हणजे +२ लावलं तर फ्रेममध्ये साधारण २८-२९ मिमी रुंदीचा भाग मावतो, +४.८ वर १२ मिमी आणि +८ वर ७ मिमी. मी हे आकडे वहीत मांडले आणि शेजारी फुलं लिहिली. सीतेच्या आसवांचं फूल सेंटीमीटरभर. दवबिंदू या कीटकभक्षी रोपाची पानं, टोकाला चिकट थेंब घेऊन उभ्या असलेल्या केसांसकट, त्याहून लहान. तेरडा मोठा. गेंदाची बोंडं मधली. एवढं लिहिल्यावर +८ कडे बघायची गरजच उरली नाही. सात मिलिमीटरच्या फ्रेममध्ये सड्यावरचा वारा फूल ठेवूच देत नाही, क्षणात बाहेर नेतो. खोक्यावरचा मोठा आकडा भुरळ घालतो खरा, पण तो टेबलावरच्या मुंगीसाठी.

मग प्रश्न काचेचा. मुंबईच्या बोरा बाजारातल्या एका दुकानात आधी माझ्यासमोर +१, +२, +४, +१० असा चार भिंगांचा पाकिटातला सेट टाकला गेला. ‘ताई, हाच घ्या, सगळं येतं यात.’ येतं सगळं, फक्त प्रत्येक भिंग एकाच काचेचं असतं. एकच काच वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी आणून सोडते, आणि झूम जितका लांब तितकं ते ठळक दिसतं. कॅमेरा मी सोबत नेला होताच. काउंटरवरच्या बिलबुकाचा छापील मजकूर +४ मधून टिपला आणि पडद्यावर मोठा करून बघितला. मधली अक्षरं ठीक, कडेच्या प्रत्येक अक्षराला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी किनार. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या, ५० मिमीच्या किट लेन्सवर चालून जाईल, लांब झूमवर नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. दोन वेगळ्या जातीच्या काचा जोडायच्या, म्हणजे एकीने पसरवलेले रंग दुसरी आवरते. याला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. कॅननचं ५००डी असं आहे, +२ चं, दोन काचांचं. नाव कॅननचं असलं तरी आटे जुळले की कुठल्याही कंपनीच्या लेन्सवर बसतं. रेनॉक्सची डीसीआर-१५० (+४.८) आणि डीसीआर-२५० (+८) ही भिंगंही याच पंथातली. त्यांच्यासोबत चिमट्याचा अडॅप्टर येतो, तो ५२ ते ६७ मिमीपर्यंतच्या फिल्टरच्या आट्यांवर नुसता दाबून बसतो. माझ्या कॅमेऱ्याचे आटे ५२ चे. फुलपाखरू येऊन बसलं की चटकन लावायला हा चिमटा फार सोयीचा.

मी डीसीआर-१५० नवीन घेतलं आणि ५००डी जुन्या मालातून, ५८ मिमीचं. त्याला ५२ ची ५८ करणारी स्टेप-अप रिंग लावली. जुनं भिंग घेताना एवढं बघावं: दिव्यासमोर तिरपं धरून आत बुरशीचे धागे दिसतात का, आणि दोन काचांमधला चिकट थर कडेने सुटून चकाकतोय का. बारीक ओरखडा फोटोत येत नाही, त्यापायी भाव पाडून घ्यावा फक्त.

घरी आल्यावर पहिला फोटो फुलाचा नाही, कंपासपेटीतल्या पट्टीचा. १५० लावून, झूम पूर्ण पुढे. पट्टीवरचे मिलिमीटर मोजले: बाराच्या आसपास, वहीतल्या हिशेबाइतके. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच पट्टीने शिकवली. भिंग लागलं की फोकसचा पट्टा फार अरुंद होतो. १५० वर मला साधारण १७ ते २१ सेंटीमीटर एवढाच मिळतो. त्याबाहेर ऑटोफोकस नुसता गुरगुरत पुढेमागे जातो आणि माणूस भिंगाला दोष देतो. म्हणून आता मी फोकस लॉक करते आणि स्वतःच श्वास रोखून इंचभर पुढेमागे होते. झूम मागे घेतला की चारही कोपरे काळे पडतात, कारण हे भिंग लेन्सच्या तोंडापेक्षा लहान आहे. तो दोष नाही, ते लांब झूमवरच वापरायचं.

प्रकाश मात्र कमी होत नाही, हा या भिंगांचा मोठा गुण. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायची पोकळ नळी, उजेड खाते तसा हे खात नाही. तरी एफ २.८ वर फुलाचा नुसता एक पदर स्पष्ट येतो. मी एफ ४ ते ५.६ मध्ये राहते. एवढ्या लहान सेन्सरवर एफ ८ पर्यंत गेलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, सगळंच मऊ पडायला लागतं. +२ वर एफ ४ ला एखाद्या मिलिमीटर खोलीपर्यंतचं स्पष्ट येतं, +४.८ वर त्याहून बरंच कमी. सप्टेंबरात सड्यावर नव्वद टक्के वेळ कॅमेऱ्यावर ५००डीच असतं, हे मला घेताना वाटलं नव्हतं. अर्ध्या मीटरवरून, वाटेवर उकिडवं बसून, पाण्याच्या ओघळाकाठची सीतेची आसवं देठासकट फ्रेममध्ये येतात, माझी सावली त्यांच्यावर पडत नाही आणि कुठल्याही रोपावर पाय पडत नाही.

वाइडची गोष्ट एवढी सरळ नाही. वाइड कन्व्हर्टर म्हणजे पुढे अंतर्वक्र आणि मागे बहिर्वक्र भिंग, दाराच्या पीपहोलसारखी रचना. समांतर आलेले किरण समांतरच बाहेर पडतात, म्हणून फोकस आणि एफ आकडा बदलत नाही, फक्त दृश्य रुंदावतं. ०.७ म्हणजे २५ चे १७.५ मिमी. एके काळी ही गरजेची वस्तू होती. २००२ चा निकॉन कूलपिक्स ४५०० सुरूच ३८ मिमीपासून व्हायचा, त्याला ०.६३ चा कन्व्हर्टर लावला की २४ मिळायचे. त्याच घराण्याचा ०.२१ चा फिशआय, म्हणजे सगळं दृश्य एका गोलात आणणारा कन्व्हर्टर, तर जंगलाच्या छताची दाटी मोजणाऱ्या संशोधकांनी आकाशाकडे तोंड करून वर्षानुवर्षं वापरला. आजचे कॅमेरे २४-२५ पासूनच सुरू होतात, तेव्हा ‘वाइड हवाच का?’ हे आधी स्वतःला विचारावं.

मला हवा होता तो कार्ल्यासाठी. चैत्यगृहासमोर एका बाजूला सिंहस्तंभ, दुसऱ्या बाजूला एकवीरेचं देऊळ, आणि दर्शनी भिंत पूर्ण घ्यायला मागे सरकायला जागा नाही. आत ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही, म्हणजे एफ २.८ हाताशी असणं आलंच.

०.४५ चे ‘वाइड विथ मॅक्रो’ स्वस्तात मिळतात. त्यातलं मॅक्रो म्हणजे मागचा भाग उलगडून काढला की उरणारं एक जबर नंबराचं, एकाच काचेचं क्लोज-अप भिंग. कागदावर हे ११ मिमी देतात. प्रत्यक्षात कोपरे काळे येतात, ते घालवायला झूम करत गेलं की पुन्हा विशीच्या घरात. हे तपासायला त्या गल्लीतली समोरची बंद रोलिंग शटरं फार कामी आली. आडव्या पट्ट्या फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या कडेशी आणायच्या आणि किती वाकतात ते बघायचं. ०.४५ मध्ये शटर फुगल्यासारखं, कोपऱ्यातली अक्षरं वाचताच येईनात. ०.७ च्या चांगल्या काचेत कड वाकली होती, पण अक्षरं वाचता आली. एक गोष्ट लक्षात ठेवायची: कॅमेरा स्वतःच्या लेन्सची वक्रता जेपीईजी बनवताना गुपचूप सरळ करतो, पुढे लावलेल्या कन्व्हर्टरची त्याला खबरही नसते. ते सॉफ्टवेअरमध्ये हाताने करावं लागतं. मैत्रिणीच्या फुजी एक्स १०० ला त्या लेन्ससाठीच बनवलेला ०.८ चा कन्व्हर्टर आहे, ३५ चे २८ करणारा, आणि तो लावल्याचं कॅमेऱ्याच्या मेनूत सांगता येतं. ‘कुठल्याही कॅमेऱ्याला चालेल’ म्हणणाऱ्या कन्व्हर्टरकडून तेवढी अपेक्षा करू नये.

वजनाचंही बघा. काच जड असते आणि ती झूमच्या बाहेर येणाऱ्या नळीच्या टोकावर लटकते. मी ०.७ लावला की कॅमेरा चालू करताना एक हात खालून कन्व्हर्टरला देते, आणि जमेल तिथे वेगळी अडॅप्टर नळी वापरते, म्हणजे भार कॅमेऱ्याच्या बॉडीवर जातो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश त्या वेळी बंदच ठेवायचा. कन्व्हर्टरची गोल सावली फोटोच्या खालच्या भागात ठाण मांडून बसते.

कार्ल्याला तो घेऊन गेले. आत, खांबांच्या दोन्ही रांगा आणि वरच्या लाकडी फासळ्या एका फ्रेममध्ये आल्या, एफ ४ ला, कोपरे कापून १६:९ केल्यावर छापण्याजोग्या. बाहेर दर्शनी भिंतही मावली. फक्त एकवीरेच्या देवळाची कड फोटोत येतेच, १७.५ मिमीवर ती आणखीच पुढे येते. त्यासाठी आता मी कन्व्हर्टर काढून उभे तीन-चार फोटो घेते आणि घरी जोडते. पण अंगणात गर्दी असली की माणसं दोन फोटोंच्या मध्ये अर्धी कापली जातात. मंगळवारी-शुक्रवारी तर नकोच.