श्टुटगार्टचा हान्स आणि ल मानचे चोवीस तास

पुण्या-मुंबईहून कोणी पाहुणे आले की त्यांना दोन जागा दाखवायच्याच, असा इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या, मराठी घरांचा अलिखित नियम आहे. एक मर्सिडीजचं संग्रहालय, दुसरं पोर्शचं. राजवाडे, चर्च वगैरे श्टुटगार्टमध्येही आहेत, पण ते पाहुण्यांनी पॅरिस-व्हिएन्नात आधीच भरपूर बघितलेले असतात. शिवाय इथे आलेल्या आपल्या लोकांतले बरेचसे गाड्यांच्याच धंद्यात. मीही त्यातलाच, त्यामुळे गाइडचं काम आपोआप माझ्याकडे येतं.

पोर्शचं संग्रहालय त्सुफनहाउझनला, कारखान्याला लागूनच. एस-सहा लोकलने गेलं की स्टेशनासमोरच ती अवाढव्य पांढरी इमारत उभी. आत शिरलं की पाहुणे नव्या नाइन-इलेव्हनशेजारी फोटो काढतात, छताला उलटी टांगलेली ९५६ ही रेसगाडी बघून ‘अरे बापरे’ करतात आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारतात. यंदा मात्र सासरे आले होते. सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये झालेली. ते नव्या गाड्यांकडे ढुंकूनही न बघता ९१७ पाशी जाऊन थांबले आणि तिथेच रमले.

ही ९१७ म्हणजे ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी बांधलेली गाडी. फ्रान्समधली ही शर्यत १९२३ पासूनची. साडेतेरा किलोमीटरच्या फेरीतला बराचसा भाग एरवी लोकांच्या रोजच्या वापरातला रस्ता. एक गाडी, आळीपाळीने चालवणारे ड्रायव्हर, आणि चोवीस तासांत जो सर्वांत जास्त अंतर कापेल तो जिंकला. पोर्शच्या छोट्या गाड्या तिथे आपापल्या गटात नेहमी जिंकायच्या, पण सगळ्यांत पहिला नंबर काही येत नव्हता. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी ही साडेचार लिटरची, बारा सिलिंडरची गाडी काढली. नियमाप्रमाणे २५ गाड्या तयार असल्याशिवाय परवानगी मिळत नव्हती, म्हणून एप्रिलमध्ये कारखान्याच्या आवारात पंचवीसच्या पंचवीस गाड्या ओळीने उभ्या करून परीक्षकांना दाखवल्या.

वाकून आत डोकावलं की पहिल्यांदा दिसते ती गिअरच्या दांड्यावरची लाकडी मूठ. वजनातले काही ग्रॅम वाचवायला लाकूड! सांगाडा अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, सगळा मिळून पन्नास किलोच्याही आत. चालवणाऱ्याचे पाय पुढच्या चाकांच्या आसाच्याही पुढे, म्हणजे समोरून धडक बसली तर आधी पायच. आणि त्या नळ्यांत दाबाखाली गॅस भरलेला असायचा. कुठे जोड तडकला की गॅस निसटणार आणि मीटरचा काटा खाली येणार.

हे सांगितल्यावर सासरे हसले. “म्हणजे टायरची हवा बघतात तशी चासीची हवा बघायची. आणि काटा पडला की?”

“की हळू चालवायची.”

“ताशी साडेतीनशेने जाताना?”

सुरुवातीला ही गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा सरळ धावत नव्हती. वेग वाढला की मागची बाजू हलकी होऊन डुलायची. कंपनीचे स्वतःचे ड्रायव्हर ती नको म्हणत होते. १९६९ च्या ल मानला जॉन वुल्फ या इंग्रज हौशी ड्रायव्हरने विकत घेतलेली ९१७ पहिल्याच फेरीत आदळली आणि तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या त्सेल्टवेगला चाचण्या चालू असताना जॉन हॉर्समन या इंजिनियरच्या एक गोष्ट लक्षात आली. गाडीच्या नाकावर चिलटं चिरडून चिकटलेली होती, गाडीला खाली दाबून ठेवणाऱ्या मागच्या पंखांवर मात्र एकही नाही. म्हणजे हवा तिथपर्यंत पोचतच नव्हती. तिथल्या तिथे पत्रा कापून, रिबिट मारून शेपटीचा भाग उचलून घेतला, आणि गाडी ताळ्यावर आली. एवढी मोठमोठी गणितं झाली आणि कोडं सोडवलं चिलटांनी. दापोडीच्या माणसाला ही गोष्ट फार आवडली. घरी आल्यावर त्यांनी ती सासूबाईंना दोनदा सांगितली.

पण मला सांगायचंय ते हान्स हेरमानबद्दल. हा श्टुटगार्टचाच, १९२८ चा जन्म. शिकला केक-पेस्ट्रीचं काम, चालवल्या रेसगाड्या. १९५४ मध्ये इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत रेल्वेचं फाटक पडताना दिसलं आणि थांबायला वेळ नव्हता. त्याने शेजारी बसलेल्या हेर्बर्ट लिंगेच्या हेल्मेटवर थाप मारली, दोघांनी माना खाली घातल्या आणि ती बुटकी पोर्श स्पायडर फाटकाखालून, येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोरून निघून गेली. १९५९ मध्ये बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर ब्रेक निकामी झाले. गाडी कोलांट्या खात होती आणि हा बाहेर फेकला जाऊन रस्त्यावरून घसरत होता. त्यातूनही वाचला.

१९६९ च्या ल मानला त्याच्याकडे ९१७ नव्हे, जुनी, लहान इंजिनाची ९०८ होती. त्या काळी ड्रायव्हर रस्त्यापलीकडून पळत येऊन गाडीत उड्या टाकायचे आणि वेळ वाचवायला पट्टा न लावताच सुटायचे. चोवीस वर्षांचा बेल्जियन जाकी इक्स त्या दिवशी मुद्दाम चालत गाडीपाशी गेला, नीट पट्टा लावला आणि सगळ्यांत शेवटी निघाला. वुल्फ गेला तो त्याच फेरीत.

पुढे बराच वेळ आघाडीवर असलेली ९१७ सुद्धा बंद पडली आणि शेवटच्या तासाला समोरासमोर आले फोर्ड जीटी-४० मधला इक्स आणि ९०८ मधला हेरमान. ते लांब सरळ रस्त्यावर आलटून पालटून एकमेकांच्या पुढे जात होते. इक्स मुद्दाम हेरमानला पुढे जाऊ द्यायचा, त्याच्या आडोशाला राहून हवेचा मार चुकवायचा आणि रस्ता संपायच्या आत त्याला गाठायचा. चोवीस तासांनंतर दोघांत अंतर राहिलं साधारण १२० मीटर. हेरमान हरला.

“ब्रेकचं काय होतं?” सासऱ्यांचा प्रश्न. बरोबर पकडलं होतं त्यांनी. हेरमानच्या गाडीत ब्रेक पॅड झिजल्याचा दिवा लागलेला होता. पॅड बदलायला थांबला असता तर शर्यत तिथेच हातची गेली असती.

पुढच्या वर्षी, जून १९७० मध्ये, त्याच्याकडे लाल-पांढरी २३ नंबरची ९१७ होती, सोबतीला इंग्रज रिचर्ड अॅटवुड. बाकीच्या बलाढ्य संघांनी ४.९ लिटरची नवी इंजिनं बसवली होती. अॅटवुडने मात्र साडेचार लिटरचं जुनंच मागून घेतलं, तेच टिकेल म्हणून. सराव झाला तेव्हा त्यांचा नंबर पंधरावा. मग पाऊस आला आणि तासन् तास पडत राहिला. जोरातल्या गाड्या एकेक करून फुटल्या, आपटल्या, बंद पडल्या. ५१ गाड्या सुटल्या होत्या, शेवटी क्रमवारीत उरल्या सात. पहिली आली २३ नंबरची. पोर्शचा ल मानचा तो पहिला सर्वंकष विजय. अॅटवुडला त्या वेळी चक्क गालगुंड झालं होतं, ते नंतर कळलं.

सासऱ्यांचं मत तयारच होतं. “गाडी धडपणे डेपोत आणून लावतो तो ड्रायव्हर. घाटात कोण किती पळवतो ते कोणी विचारत नाही.” माझंही मत तेच आहे, फक्त मला ते इतकं सुटसुटीत सांगता येत नाही. इंटरनेटवर ९१७ म्हटलं की ती चालवणाऱ्या पेद्रो रॉड्रिगेस आणि जो सिफर्ट यांचंच कौतुक असतं, आणि ते खोटं नाही. १९७० मध्येच इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकवरच्या पावसात रॉड्रिगेसने जे केलं ते बघून आजही थक्क व्हायला होतं. पण १९७१ च्या जुलैत रॉड्रिगेस गेला आणि ऑक्टोबरमध्ये सिफर्ट, दोघेही शर्यतीतच. हेरमानने ल मानला निघण्यापूर्वी बायकोला शब्द दिला होता की जिंकलो तर थांबेन. जिंकला आणि खरंच थांबला, ४२ व्या वर्षी. पुढे त्याने गाड्यांच्या सुट्या सामानाचा धंदा केला.

आपल्याकडचं कोणी ल मानला गेलंय का, हा प्रश्न हमखास येतो. २०१२ मध्ये चेन्नईचा करुण चांधोक धावला, तो पहिला भारतीय, आणि त्याची गाडी सहावी आली. त्याआधी २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन जाणार होता, पण शर्यत सुटायच्या आधी पिटची, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेची, भिंत ओलांडताना त्याचा खांदा निखळला. नशीब म्हणतात ते हे.

परतताना सासऱ्यांना लेओनबर्गच्या बाजूने आणलं. ग्लेम्सएकपाशी सॉलिट्यूड शर्यतीची जुनी सुरुवातीची जागा आहे. १९६५ पर्यंत या जंगलातल्या साडेअकरा किलोमीटरच्या रस्त्यावर शर्यती व्हायच्या, हेरमानही या घरच्या ट्रॅकवर धावलेला. आता तिथे वेगाची मर्यादा आहे, रविवारी मोटरसायकलवाले जमतात आणि सॉसेज छान मिळतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं तिकीट काढताना बघा. बाकी ९१७ समोर किती वेळ थांबायचं ते तुमच्यावर. आम्हाला शेवटी रखवालदाराने वेळ संपल्याचं सांगितलं.