उजव्या छातीवरचा खिसा

जाकीट टेबलावर ठेवायच्या आधीच तिने त्याच्या पहिल्या मालकाबद्दल सांगायला सुरुवात केली. “ताई, हा माणूस डावखुरा होता. अगदी माझ्यासारखा.”

मी जुन्या कपड्यांची दुरुस्ती आणि फेरफार करते. गिऱ्हाइकांनी कपड्याबद्दल रचलेल्या गोष्टी ऐकणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे आणि तो मला आवडतो. ही गोष्ट तर पुराव्यासकट आली होती. गडद निळ्या लोकरी सर्जचं, एका रांगेत तीन बटणं असलेलं, बरंच जुनं पुरुषी जाकीट. सगळं नेहमीसारखं, फक्त छातीवरचा खिसा उजव्या बाजूला. पुरुषांच्या जाकिटाला हा खिसा डावीकडे असतो, कारण उजवा हात सहज तिथे जातो. ही मुलगी दिवसभर उभी राहून आराखडे काढते. पेन्सिल काढायची तर तिचा डावा हात उजव्या छातीकडे वळतो. जुन्या कपड्यांच्या ढिगात हे जाकीट हाती लागलं, तेव्हा आपल्यासाठीच कुणीतरी ते शिवून ठेवलंय असं तिला वाटलं होतं. तेव्हापासून ती ते रोज घालत होती. आता दोन्ही कोपरं विरली होती, बाह्या लांब होत्या आणि कंबरेत थोडं आत घ्यायचं होतं.

तिचा तर्क चुकीचा म्हणावा असा नव्हता. माप घेऊन शिवणारे शिंपी डावखुऱ्या गिऱ्हाइकासाठी खिशांच्या जागा बदलून देतात. मीही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेड चांगला असताना, जाकीट उघडायला घेतलं.

पहिली शंका कापडानेच घातली. सर्ज म्हणजे ट्विल, तिरप्या रेघेची वीण. लोकरी सर्जच्या सुलट बाजूला ही रेघ सहसा डावीकडून उजवीकडे चढत जाते. इथे ती उलट दिशेने चढत होती. एवढ्यावरून काही ठरत नाही. डाव्या रेघेचं ट्विलही मुद्दाम विणतात. पण मग बटणांकडे लक्ष गेलं. पुरुषांच्या जाकिटाची काजं डाव्या पाख्यावर आणि बटणं उजव्या पाख्यावर असतात, इथेही तशीच होती. फक्त प्रत्येक बटणाच्या बुडाशी कापड किंचित जाड लागत होतं. भिंग लावून पाहिलं तर तिथे रफू होतं. काजाच्याच लांबीचं, काजाच्याच आडव्या दिशेचं आणि इतकं बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसू नये. बटणं त्याच्यावर बसवलेली. उजव्या लॅपलवरही, म्हणजे कॉलरखाली बाहेर दुमडलेल्या भागावरही, फूल खोचायच्या काजाच्या जागी तसंच रफू.

मग मी अस्तर उसवलं.

आतल्या बाजूला कोपरांवर कापड गुळगुळीत होऊन चकाकत होतं. सर्जची ती सवयच आहे. घासून घासून लव गेली की चकाकी येते. पण अस्तराखाली कापड कोण घासणार? शिवणींच्या आत दुमडलेल्या कापडावर सुयांच्या भोकांच्या दोन रांगा होत्या, एक सध्याच्या शिलाईची आणि शेजारी एक रिकामी. सगळ्या खुणा एकाच उत्तराकडे बोट दाखवत होत्या. हे जाकीट उलटवलेलं होतं.

उलटवणं म्हणजे काय, हे आता शिवणकाम करणाऱ्यांनाही सांगावं लागतं. जाकीट पूर्ण उसवायचं. प्रत्येक तुकडा स्वच्छ करायचा, इस्त्री करायचा आणि आतली, न विटलेली बाजू बाहेर घेऊन तेच तुकडे पुन्हा शिवायचे. तुकडा पालथा केला की डावा पाखा उजवा होतो. काजं चुकीच्या बाजूला जातात. ती रफू करून बुजवायची आणि नवी पाडायची. खालचे खिसे दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही. अडचण होते ती छातीच्या खिशाची. तो कापडाला चीर देऊन केलेला असतो. एवढी मोठी चीर छातीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, बुजवून लपत नाही. म्हणून बहुतेक शिंपी तो आहे तिथेच राहू देत. उजव्या छातीवरचा खिसा ही उलटवलेल्या जाकिटाची सगळ्यात ठळक खूण.

आपल्याला हे काम वेड्यासारखं वाटेल, कारण आज शिलाईपेक्षा कापड स्वस्त झालंय. कित्येक शतकं गणित नेमकं उलटं होतं. 18व्या शतकात युरोपातल्या रेशमी पोशाखाच्या किमतीत मोठा वाटा कापडाचा असायचा आणि शिवणाऱ्या बाईची मजुरी त्यामानाने किरकोळ. म्हणून शिवताना कापड शक्यतो कापत नसत, चुण्या घालून बसवत, म्हणजे पुढे उसवून नव्या घाटाचा पोशाख करता येई. जपानी किमोनो सरळ पट्ट्यांचाच असल्यामुळे तो उसवून, पट्ट्या धुऊन, ताणून वाळवून पुन्हा शिवायची रीत तिथे होती. विसाव्या शतकात कापडाची टंचाई काटेकोरपणे मोजली गेली ती युद्धकाळातल्या ब्रिटनमध्ये. 1 जून 1941 रोजी तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते 1949पर्यंत चाललं. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपनं होती. त्यांतली 13 एका पुरुषी लोकरी जाकिटालाच लागायची. 1943मध्ये सरकारने घरच्या घरी कपडे सांधण्या-बदलण्याची पुस्तिकाच काढली.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. 1942मध्ये तिथल्या सरकारने पुरुषांच्या पॅंटींच्या पायांना बाहेरून दुमड घालायला बंदी केली, कापड वाचावं म्हणून. लोकांनी काय केलं, तर मुद्दाम लांब पॅंटी विकत घेतल्या आणि घरी दुमडल्या. बॉम्ब पडत असतानाही माणसांना आपली पॅंट आपल्याला हवी तशीच दिसायला हवी होती. स्टाईल ही पोट भरल्यावरची गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मी हे सांगते.

आमचं जाकीट त्याच काळातलं आहे असं मी म्हणत नाही. त्यावर लेबल नव्हतं आणि उलटवण्याची रीत त्याआधीही होती, नंतरही काही काळ राहिली. पण ज्याने ते घातलं त्याच्याबद्दल एवढं नक्की सांगता येत होतं की एका बाजूने कोपरं चकाकेपर्यंत वापरल्यावरही त्याला हे जाकीट सोडवलं नाही, आणि ते दुसऱ्यांदा घालताना नव्यासारखं दिसावं अशी त्याची इच्छा होती. नाहीतर बटणांखाली झाकल्या जाणाऱ्या काजांवर इतकं देखणं रफू कुणी करून घेत नाही. त्या शिंप्याच्या हाताकडे मी बराच वेळ बघत राहिले. रफूचे धागे बहुधा जाकिटाच्याच मायेतून, म्हणजे शिवणींच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, काढलेले होते. रंगात तसूभर फरक नव्हता.

फॅशनचा इतिहास म्हटला की 1947मधला फ्रेंच फॅशनकार ख्रिस्तियान दिओरचा घेरदार झगा आठवतो, दरबारी पोशाख आठवतात. वस्तुसंग्रहालयांत तेच जास्त टिकलेत, कारण ते घातलेच कमी गेले. रोजचे कपडे झिजले, पोतेऱ्यात गेले. म्हणून इजिप्तमधल्या तारखान इथे सापडलेला लिननचा अंगरखा मला सगळ्या राजवस्त्रांहून मोठा वाटतो. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीच्या उत्खननात 1913मध्ये मळक्या कापडांचा एक ढीग निघाला. तो तसाच पडून राहिला आणि 1977मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात साफ करताना त्यातून हा अंगरखा बाहेर आला. पाच हजार वर्षांहून जुना. कोपरांशी आणि काखेत घड्या मोडलेल्या, म्हणजे कुणीतरी खरोखर वापरलेला. आणि सापडला तेव्हा तो उलटा होता, डोक्यावरून ओढून काढल्यावर होतो तसा. त्या घड्यांमधून एक हात दिसतो. मुकुटातून मला असं कुणी दिसत नाही.

मुलगी आली तेव्हा जाकीट अजून उघडंच होतं. तिला सांगायचं की नाही, हा प्रश्न मला पडला नाही. कपड्यावर प्रेम करणाऱ्याला कपड्याबद्दलचं खरं कळायला हवं, असं मी मानते. मी चकाकणारी कोपरं दाखवली, बटण वर करून रफू दाखवलं, रिकाम्या भोकांची रांग दाखवली. ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे तो डावखुरा नव्हता.”

“असेलही. पण खिशावरून तसं म्हणता येत नाही.”

तिच्या चेहऱ्यावरची निराशा लपली नाही. तिने खिशात बोटं घालून पाहिली, मग लॅपलवरच्या रफूवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. “एवढं सगळं उसवून परत शिवलं? पहिल्यांदा शिवलं असेल त्यापेक्षा जास्त वेळ लागला असेल.” मी म्हटलं, निश्चितच. त्यानंतर तिने डावखुऱ्या माणसाचा विषय काढला नाही. शिंप्याबद्दलच विचारत राहिली.

आता पुन्हा उलटवता येणार नव्हतं. दोन्ही बाजू वापरून झाल्या होत्या. कोपरांवर चामड्याची ठिगळं लावू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. ठिगळाला माझी ना नाही, पण ज्या जाकिटावर कुणी इतकं अदृश्य काम करून ठेवलंय, तिथे आपणही त्याच शिस्तीत काम करावं असं मला वाटलं. आतल्या मायेतून धागे काढले, विरलेल्या जागेमागे पातळ कापड लावलं आणि रफू केलं. बाह्या आखूड करताना कापड कापलं नाही, आत वळवलं. कंबरेची मायाही तशीच ठेवली.

जाकीट घेऊन जाताना तिने नवं काम दिलं. तिला आणखी एक जाकीट हवं होतं, याच घाटाचं, स्वतःच्या मापाचं आणि पुढे कधी उलटवता येईल असं. ही मागणी माझ्याकडे पूर्वी कधीच आली नव्हती. हल्लीची बहुतेक तयार जाकिटं उलटवता येत नाहीत. आतलं अस्तरण, म्हणजे कापड आणि अस्तर यांच्यामधला आकार देणारा थर, टाक्यांऐवजी उष्णतेने चिकटवलेलं असतं, ते सोलून काढायला गेलं तर डिंक कापडावरच राहतो, आणि शिवणींत माया जवळजवळ नसतेच. म्हणून आम्ही ठरवलं: दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं सर्ज, छातीत हाताने टाचलेलं कॅनव्हास, शिवणींत भरपूर माया.

खिसा अर्थात उजवीकडे. त्यावर तीच म्हणाली, “पण मग उलटवल्यावर तो डावीकडे जाईल.”

बरोबर होतं. पुरुषांसाठी उलटवणाऱ्या शिंप्यांची अडचण आमच्यासमोर बरोबर उलट्या बाजूने येऊन उभी राहिली होती. आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. शेवटी चीर द्यायचीच नाही असं ठरलं. वरून शिवलेला खिसा करायचा, कापडाला कुठेही न कापता. उलटवायची वेळ आली की तो उसवून पुन्हा तिच्या डाव्या हाताच्या सोयीच्या बाजूला लावता येईल. काजांना मात्र रफू करावं लागेलच. ते कुणाकडून करून घ्यायचं हे तिने आत्ताच विचारून ठेवलं, आणि मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलीला हाक मारून रफूची सुई तिच्या हातात दिली.