खिशातला सम्राट

हल्ली सुट्ट्या पैशांकडे बघतंय कोण. भाजीवालीकडेपण क्यूआर लावलेला असतो, आणि चुकून दहाचं नाणं हातात आलंच तर खोटं नाही ना एवढं बघून आपण ते खिशात टाकतो. मला मात्र जुन्या नाण्यांचे फोटो झूम करून बघत बसायचा नाद आहे, त्यातही रोमन नाण्यांचा, कारण त्या लोकांनी नाणं अगदी आपल्या चौकातल्या फ्लेक्ससारखं वापरलंय. फरक इतकाच की फ्लेक्स एका पावसात फाटतो आणि चौकातच राहतो, नाणं सैनिकाच्या पगारातून निघून दारूच्या दुकानात, तिथून बाजारात, तिथून पार सरहद्दीपलीकडे जातं.

मजा सुरू होते रोमची सगळी सत्ता हातात घेतलेल्या ज्युलियस सीझरपासून. त्याआधी रोमच्या नाण्यांवर देव असायचे, फार तर कुणाचे तरी मेलेले पूर्वज, जिवंत माणसाचा चेहरा टाकायचा म्हणजे राजा असल्याचा माज, आणि राजा हा शब्द रोममध्ये शिवीच होती. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सीझरचा चेहरा नाण्यावर आला आणि १५ मार्चला त्याचा खून झाला. नाण्यामुळेच झाला असं कुणी म्हणणार नाही, पण ज्यांना खुपत होतं त्यांना ते रोज हातात घेऊन बघावं लागत असणार.

आता खरी गंमत. खून करणाऱ्यांतला ब्रूटस, प्रजासत्ताकवाला, राजेशाहीचा कट्टर दुश्मन वगैरे, त्याने इ.स.पू. ४२ च्या सुमारास सैन्याला पगार द्यायला देनारियस नावाचं एक चांदीचं नाणं पाडलं. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला मिळायची ती टोपी, आणि खाली चक्क खुनाची तारीख! आपल्या रुपयापेक्षा लहान चकतीवर एवढा मोठा मॅटर बसवलाय, वाचता न येणाऱ्याला पण कळेल असा. बरं, पुढच्या बाजूला कोण? ब्रूटस स्वतःच. अरे, म्हणजे ज्या कारणासाठी माणूस मारला तेच तू करतोयस की. मी तो फोटो जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा हसू येतं.

सीझरचा दत्तक मुलगा, पुढे रोमचा पहिला सम्राट झालेला ऑगस्टस मात्र या सगळ्यांचा बाप निघाला. सीझरच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्याने सीझरच्या नावाने खेळ भरवले तेव्हा आकाशात धूमकेतू दिसला, लोक म्हणाले हा सीझरचा आत्मा देवलोकी चालला, आणि या पठ्ठ्याने ते लगेच उचललं. सीझर देव झाला, म्हणजे दत्तक मुलगा आपोआप 'देवाचा मुलगा', आणि हे बिरुद नाण्यानाण्यावर. पुढे तो धूमकेतूपण शेपटीसकट नाण्यावर आला. शिवाय साहेब वारले पंचाहत्तरीत, पण नाण्यांवर आणि पुतळ्यांवर शेवटपर्यंत तरणेबांड. फिल्टर तेव्हाही होते म्हणायचे.

पण नाणं जितक्या जोरात ओरडतं तितकं काहीतरी बिघडलेलं असतं असं माझं मत आहे. इ.स. २३८ मध्ये प्युपिएनस आणि बाल्बिनस असे दोघे एकदम सम्राट झाले, दोघांचं एकमेकांशी पटेना, आणि नाण्यांवर काय तर दोन हात हातात घेतलेले आणि भोवती 'सम्राटांचं परस्परप्रेम'. तीनेक महिन्यांत राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनीच दोघांना संपवलं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तर नाण्यातली चांदीच इतकी घटली की तांब्यावर नुसता मुलामा उरला, आणि त्याच नाण्यावर सुबत्तेची देवी भरलेलं शिंग घेऊन उभी! मुलामा झिजला की देवीसुद्धा तांब्याची. बाजारातल्या माणसाला हा विनोद कळत नसेल असं मला वाटत नाही, तो जुनं चांदीचं नाणं घरात दडवून नवंच खर्चायला काढत होता.

आणि हे सगळं आपल्याकडेही आलं, मिरीच्या बदल्यात. ऑगस्टसने आपल्या दोन नातवांना, गायस आणि लुसियसला, वारस म्हणून मिरवणारं देनारियस पाडलं, ढाली-भाल्यांसकट. नातू दोघंही आजोबांच्या आधी गेले, नाणी मात्र दक्षिण भारतात ढिगाने सापडतात. इथे त्यांच्या नकलासुद्धा झाल्या, ज्यात लॅटिन अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघोट्या. कोण गायस, कोण लुसियस, इथल्या व्यापाऱ्याला काय पडलंय, त्याने वजन बघितलं. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याच्या रोमन नाण्यांचा मोठा साठा मिळाला, त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा सणसणीत घाव आहे. चलनातून बाद करायला तसं करत असावेत असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे राग नाही, द्वेष नाही, नुसता हिशेब: हे आता नाणं नाही, सोनं आहे.