पत्रांचा गठ्ठा आणि केमिस्ट्री

न्यू जर्सीतल्या ज्या सरकारी हायस्कूलमध्ये मी समुपदेशक आहे, तिथे फेब्रुवारी म्हणजे पुढच्या वर्षाचे विषय निवडायची धांदल. दहावीतल्या एका व्हॉलीबॉलपटू मुलीचे वडील फुगलेली फाइल घेऊनच आत आले. "कॉलेजांची पत्रं यायला लागलीत. आता तिला सरावाला वेळ हवा. केमिस्ट्री काढा, काहीतरी हलकं द्या." मुलगी शेजारी गप्प.

म्हटलं, आधी पत्रं बघू. गुळगुळीत जाड कागद, विद्यापीठाचं बोधचिन्ह, वर मुलीचं नाव. बापाचा ऊर भरून यावा असंच सगळं. मजकूर मात्र उन्हाळी शिबिराचा आणि त्याच्या फीचा, नाहीतर भरून पाठवायची प्रश्नावली. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था. तिच्या नियमांप्रमाणे डिव्हिजन वनचे, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांचे, व्हॉलीबॉल प्रशिक्षक दहावीनंतरच्या 15 जूनपर्यंत खेळाडूला संघात भरतीसाठी पत्र लिहू शकत नाहीत, फोनही करू शकत नाहीत. शिबिरांची पत्रकं आणि प्रश्नावल्या त्याआधीही चालतात. हे सांगताना माझाच जीव तुटत होता. त्यांनी प्रत्येक पत्र प्लास्टिकच्या पाकिटात जपून लावलं होतं.

तळाशी एक साधा लिफाफा निघाला. आत शाईने लिहिलेल्या चार ओळी. 'तिसऱ्या सेटमध्ये तू मागे धावत जाऊन उचललेला चेंडू पाहिला. तुला पुढे काय शिकायचंय?' डिव्हिजन थ्रीचं, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटातलं छोटं कॉलेज. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, म्हणून ते तळाला गेलेलं. पण डिव्हिजन थ्रीच्या प्रशिक्षकांना इतक्या लवकर लिहायची मुभा आहे, आणि गुणांवर किंवा घरची परिस्थिती पाहून मिळणारी मदत तिथेही असते. माझ्या मते अख्ख्या ढिगात खास तिला लिहिलेलं पत्र हे एकच होतं.

राहिली केमिस्ट्री. डिव्हिजन वनला खेळायचं तर हायस्कूलमध्ये 16 कोअर कोर्स, म्हणजे एनसीएए मोजते ते मुख्य अभ्यासविषय, लागतात. त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी व्हावे लागतात, आणि त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. कोअरच्या गुणांची सरासरी 4 पैकी किमान 2.3. वडिलांनी सुचवलेला हलका विषय आमच्या शाळेच्या एनसीएए-मंजूर कोअर विषयांच्या यादीत नव्हताच. यादी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती बोट ठेवून दोनदा वाचली.

"म्हणजे ज्यांच्यासाठी केमिस्ट्री काढतोय, त्यांच्याकडेच हा हलका विषय मोजला जाणार नाही?"

"नाही."

तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. "मला केमिस्ट्री हवीच आहे. मला नर्सिंगला जायचंय." वडिलांना हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि विचारलं होतं फक्त त्या चार ओळींनी.

उत्तर लिहायला वडिलांनी फोन काढला. मी थांबवलं. प्रशिक्षकांना खेळाडूशीच बोलायचं असतं, आईबाबांशी नंतर. तिने तिथेच बसून लिहिलं: आभार, पुढच्या स्पर्धांच्या तारखा, नर्सिंगचा अभ्यासक्रम आहे का. प्रश्नावल्याही भरायला सांगितल्या, त्यांना पैसे पडत नाहीत. शिबिरांचे पैसे मात्र जिथे तिला खरंच शिकायचंय तिथेच भरा, म्हटलं. विषयांच्या फॉर्मवर केमिस्ट्री कायम ठेवून वडिलांनी सही केली.